अँडीजची इर्जिक आणि बीडचा कोयता

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथाला जाणारी गर्दी उपवासाला काय खाते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात विचारला जात नाही. तो विचारण्यासारखा मात्र आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या नैर्ऋत्य भागातील लोकांनी लागवडीखाली आणला. तिच्यातील शेंगदाणा दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. बटाटा अँडीज पर्वतातील टिटिकाका सरोवराच्या आसपासचा. मिरचीच्या कुळाचे मूळ बोलिव्हियाकडे, आपल्या ओळखीची मिरची मेक्सिकोत रुजलेली. सोबत रताळे आणि राजगिऱ्याचा लाडू असेल तर तेही त्याच खंडांतून आलेले. म्हणजे आपल्या धर्मपरायण ताटात त्या दिवशी तूप, जिरे आणि मीठ एवढेच काय ते जुने! हे पदार्थ उशिरा आल्यामुळे बहुधा निषिद्ध धान्यांच्या यादीत सापडले नाहीत आणि उपवासाला चालू लागले. ज्या मुकुंदराजांची समाधी या गावी दाखविली जाते त्यांनी मिरची कधी चाखली नव्हती, ज्ञानेश्वरांनीही नाही.

बालाघाटच्या डोंगररांगांत, धारूरच्या घाटात, माणसाने न लावता उगवणारे सीताफळ बीड जिल्ह्याची ओळख होऊन बसले आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळे उष्ण कटिबंधातील अमेरिकेची आहेत. आपण त्यांना राम आणि सीता यांची नावे दिली आणि विषय संपविला. बटाट्याने तरी पोर्तुगिजांमार्फत आपले नाव टिकवून ठेवले.

या पदार्थांमागे कोणाचे तरी श्रम आणि कोणाची तरी बुद्धी आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. रानटी बटाटा कडू आणि विषारी असतो. कसाव्याच्या कडू जातीत तर सायनाइड तयार होते. अ‍ॅमेझॉनच्या स्त्रियांनी तो कंद किसून, वेतासारख्या पट्ट्यांच्या विणलेल्या लांब नळीत भरून, ती नळी ताणून पिळून रस काढण्याची आणि चोथा भाजून पीठ करण्याची रीत शोधली. त्या नळीला तिपिती म्हणतात. अँडीजच्या शेतकऱ्यांनी रात्रीच्या हिमात बटाटा गोठवून, दिवसाच्या उन्हात वाळवून, पायांनी तुडवून त्यातील पाणी काढले आणि वर्षानुवर्षे टिकणारा चुन्यो तयार केला. त्यांच्या वंशजांनी बटाट्याच्या हजारो देशी जाती राखल्या आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी १९७१ साली लिमा येथे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झाले. पेरूच्या किनाऱ्यावरील सिपान येथे १९८७ साली मोचे संस्कृतीतील एका राजपुरुषाची कबर उत्खननात मिळाली. त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता. आपल्याकडच्या कोणत्या राजाने ज्वारीच्या कणसाचा हार घातला असता?

या लोकांविषयी शाळेत दोनच गोष्टी शिकविल्या जात : इंकांचे सोने आणि अ‍ॅमेझॉनचे निर्मनुष्य अरण्य. दुसरी गोष्ट तर सपशेल चुकीची ठरली आहे. १५४१-४२ साली ओरेलाना याच्या तुकडीने ही नदी उगमाकडून मुखापर्यंत पार केली. तिच्याबरोबरच्या कार्वाहाल नावाच्या पाद्र्याने काठांवर दाट वस्तीची गावे असल्याचे लिहून ठेवले. पुढच्यांना ती गावे दिसली नाहीत, कारण युरोपातून आलेल्या रोगांनी आणि गुलामीने माणसे संपली होती आणि रानाने वस्त्या गिळल्या होत्या. पाद्री खोटारडा ठरला. परंतु २०२२ साली बोलिव्हियाच्या मोहोस मैदानातील कासाराबे संस्कृतीची नगरे आणि कालवे, व २०२४ साली इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातील सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे चौथरे व सरळ रस्ते विमानातून सोडलेल्या प्रकाशझोतांच्या साहाय्याने मोजले गेले आणि पाद्र्याच्या लिखाणाकडे नव्याने पाहणे भाग पडले. त्या प्रदेशात ठिकठिकाणी सापडणारी काळी सुपीक माती ही कोळसा, हाडे, खापऱ्या आणि उकिरडा मिसळून माणसांच्या वस्तीने घडलेली आहे. आपल्या काळ्या जमिनीचा आपणांस अभिमान आहे. पण ती लाव्ह्याची देणगी आहे. त्यांची त्यांनी स्वतः केली.

पाण्याच्या बाबतीत बीडकरांना एक दाखला घरचाच आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीत बांधलेली खजाना विहीर आपण पाहिलेली असते. तिच्यात जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी येते आणि बोगद्यातूनच शेतांकडे जाते, उपसा लागत नाही. पेरूच्या नास्का वाळवंटात याच तत्त्वावरचे पुकियो नावाचे भूमिगत पाट आहेत. त्यांत उतरण्यासाठी दगडांनी बांधलेले गोल गोल वळत जाणारे खड्डे आहेत, आणि तीसहून अधिक पुकियो उरले असून त्यांतील कित्येकांच्या पाण्यावर अद्याप शेती होते. दोन कारागिरांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. कोरड्या मुलखात विचार करणारी माणसे सारख्याच उत्तराला पोचतात, एवढेच.

आता मुख्य विषयाकडे वळू. या समाजांनी श्रमाची व्यवस्था कशी लावली होती?

अँडीजमधील खेड्याच्या मुळाशी आयल्यु असे. आयल्यु म्हणजे नात्याने बांधलेला, जमीन सामाईक मानणारा समूह. कुटुंबाची गरज पाहून त्याला जमीन वाटून मिळे. समूहात श्रमाच्या दोन रीती होत्या. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या शेतात येतो, ही आयनी. मराठवाड्यातील कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला हिचे नाव विचारा. तो सावड म्हणेल किंवा वारंगुळा म्हणेल. दुसरी रीत मिंका. मोठे काम निघाले की साऱ्यांना बोलवायचे, मजुरी द्यायची नाही, जेवण द्यायचे आणि मक्याची दारू पाजायची. ही आपली इर्जिक. फरक इतकाच की त्यांच्याकडे बैल नव्हते, नांगर नव्हता, लोखंड नव्हते. पुरुष ओळीने उभे राहून पायाने दाबायच्या कुदळीने ढेकूळ उचलीत आणि समोर बसलेल्या स्त्रिया ते फोडीत.

पेरूमध्ये आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा झुलता पूल आहे. चार गावांचे लोक दर जून महिन्यात एकत्र येऊन गवताचे दोर वळतात, जुना पूल कापून नदीत सोडतात आणि नवा बांधतात. युनेस्कोने २०१३ साली या ज्ञानाला मानवी वारसा म्हणून मान्यता दिली. महामारीच्या काळात गावांना जमता आले नाही, दोर बदलले गेले नाहीत, आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून पडला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गावांनी तो पुन्हा बांधला.

परंतु इर्जिकीचे गोडवे गाताना आपण कार्यकर्त्यांनी थोडे सावध असावे. ज्याच्याकडे बैल त्याचीच इर्जिक. भूमिहीन महार-मांगांच्या वाट्याला गावात इर्जिक आली नाही; त्यांच्या वाट्याला बलुत्याचे शिळे तुकडे आणि वेठ आली. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त जे खेडे दिसते त्यात सहकार आहे आणि उतरंडही आहे. जुन्या समाजाकडून शिकताना दोन्ही पाहावी लागतात.

हीच खबरदारी इंकांच्या बाबतीत घ्यावी लागते. १९२८ साली दोन पुस्तके निघाली. पेरूचा होसे कार्लोस मारियातेगी हा एक पाय कापावा लागलेला, चाकाच्या खुर्चीत बसून नियतकालिक चालविणारा समाजवादी होता. त्याच वर्षी त्याने पेरूचा समाजवादी पक्ष स्थापन केला आणि १९३० साली तो वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. आपल्याकडे काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन व्हायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. पेरूच्या वास्तवावरील त्याच्या सात निबंधांत एक मुद्दा पुनःपुन्हा येतो : आदिवासींचा प्रश्न शिक्षणाचा किंवा नीतीचा नसून जमिनीचा आहे; आणि आयल्युची सामूहिक वृत्ती अजून जिवंत असल्यामुळे पेरूला समाजवाद बाहेरून आणावा लागणार नाही. त्याच वर्षी लुई बोदँ या फ्रेंच उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञाने इंकांच्या राज्याला समाजवादी साम्राज्य म्हणून ग्रंथ लिहिला, पण हेतू उलटा : बघा, समाजवादात माणसाचे असे यंत्र होते.

या वादाचा निकाल बऱ्याच अंशी जॉन मुर्रा यांनी लावला. ओदेसात १९१६ साली जन्मलेला, रुमानियात वाढलेला हा तरुण स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ झाला. १९५६ सालच्या त्यांच्या प्रबंधात इंका राज्याचे अर्थकारण मांडले आहे. राज्य शेतकऱ्याच्या कणगीला हात लावीत नसे. ते त्याचे दिवस घेई. राज्याच्या आणि सूर्यदेवाच्या जमिनी कसायच्या, रस्ते बांधायचे, कापड विणायचे. हे श्रम पाळीपाळीने करावयाचे, म्हणून त्याला मिता म्हणत; त्या शब्दाचा अर्थच पाळी. मितेवर आलेल्याला राज्याने खाऊपिऊ घालायचे, बियाणे राज्याचे, अवजारे राज्याची. हुआनुको पांपा येथे सुमारे पाचशे कोठारे सापडली, मांतारो खोऱ्यात दोन हजारांवर. ही कोठारे मुख्यतः सैन्यासाठी आणि कामावरच्या माणसांसाठी होती. दुष्काळात त्यांतून प्रजेला धान्य दिले जाई असे इंका राजकन्येचा मुलगा गार्सिलासो याने १६०९ साली लिहिले. मातुलकुळाची बाजू तो थोडी रंगवून मांडतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय या राज्याने जिंकलेल्या लोकांना गावेच्या गावे उठवून दूर वसविले आणि डोंगरशिखरांवर मुलांचे बळी दिले. यास समाजवाद म्हणणे म्हणजे समाजवादाची थट्टा आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्याचे श्रम घेतले त्याला पोसण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर होती आणि ती उघड, सर्वांच्या देखत पार पाडावी लागे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील स्त्री-पुरुषांनी खडी फोडून, बांध घालून जगण्याची लढाई दिली. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, वि. स. पागे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुराची मजुरी द्यायची, हे तत्त्व अर्थशास्त्रदृष्ट्या साधे आणि राजकीयदृष्ट्या मोठे होते. २००५ चा केंद्रीय कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

आणि आता पोतोसी. बोलिव्हियातील या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. पुढे व्हाइसरॉय तोलेदो याने १५७३ पासून इंकांची मिता पुन्हा सुरू केली. नाव तेच, पाळीही तीच : ठरविलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांचा सातवा हिस्सा, म्हणजे दरवर्षी सुमारे साडेतेरा हजार माणसे. ती बायकामुलांसह, लामांवर चुन्यो आणि भांडीकुंडी लादून, आठवडेच्या आठवडे चालत जात. परंतु कोठार गेले होते. वाटखर्ची मिळाली तर मिळाली, मजुरी पोटाला पुरत नसे, खाणीत लागणारी मेणबत्तीसुद्धा मजुराने आपल्या पैशाने घ्यायची. देवघेवीतले देणे काढून टाकले आणि घेणे ठेवले. या पाळीतून सुटण्यासाठी लोक आपले आयल्यु आणि आपली जमीन सोडून परमुलखात उपरे म्हणून राहू लागले. कादिसच्या संसदेने १८१२ साली मिता कायद्याने बंद केली, तोवर जवळजवळ अडीचशे वर्षे लोटली होती. त्या चांदीतील मोठा वाटा हिंदुस्थानी कापडाच्या मोबदल्यात आपल्या बंदरांत उतरला आणि टांकसाळीत त्याचे रुपये पडले. आपल्या इतिहासातील बंदा रुपया कोणाच्या फुप्फुसांतील धुळीवर उभा होता, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी कधी सांगितले नाही.

चुन्योची पोती आणि लेकरे घेऊन वाट तुडविणाऱ्या त्या कुटुंबांचे वर्णन ऐकताना बीडच्या माणसाला दसऱ्यानंतरचा रस्ता आठवला नाही तरच नवल. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात. बाजरीचे पीठ, भांडी, शेळी, म्हातारी सासू आणि तान्हे मूल बरोबर. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर कोपी उभ्या राहतात. प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला तेव्हा तो समाजवाद्यांनाही आपला वाटला होता, आणि त्यात काही गैर नव्हते. परंतु त्या सहकारात ऊस लावणारा सभासद झाला. ऊस तोडणारा कधीच झाला नाही. सहकाराच्या इमारतीत मजुराला दार नाही, ही गोष्ट मांडायला आपणही उशीर केला, हे कबूल केलेले बरे.

पोतोसीत व्हाइसरॉयचा हुकूम होता, येथे उचल आहे. मुकादम पावसाळ्यात, हात रिकामा असताना, उचल देतो. ती फिटेपर्यंत तोडायचे, हंगाम संपताना अंगावर काही बाकी राहिली तर पुढच्या हंगामात पुन्हा जायचे. खाडा पडला की दंड. कायदा त्याला करार म्हणतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हे भविष्यकाळातील श्रमाचे आगाऊ तारण आहे, आणि ज्याच्याजवळ तारण ठेवायला स्वतःच्या हातांखेरीज काही नाही तो दराची घासाघीस करू शकत नाही.

आणखी एक साम्य आहे आणि ते फार बोलके आहे. इंकांची मिता एकट्या माणसावर बसत नसे. लग्न झाल्याखेरीज पुरुषाची गणनाच होत नसे. राज्याचा घटक होता जोडपे. बीडमध्ये मजुरीचा घटक आहे कोयता, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस अर्धा कोयता. लग्ने लवकर उरकण्यामागे हेही एक कारण आहे, ते भाषणबाजीने जाणार नाही. फरक पाहा : तिकडे स्त्रीने विणलेल्या कापडाची वेगळी मोजणी होई, त्याला मोठा मान असे. इकडे स्त्री पहाटे उठून भाकरी थापते, तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत चढविते. उचल मात्र नवऱ्याच्या हातात आणि अंगठा नवऱ्याचा. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने या जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोडणी महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड, या हिशेबाने जेथे शरीराचा अवयवच खर्चात टाकला जातो तेथे करार हा शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर किपूविषयी सांगितलेच पाहिजे. अँडीजमध्ये लिपी नव्हती. दोऱ्यांच्या गाठींवर दशमान पद्धतीने आकडे मांडीत; दोरीचा रंग आणि गाठीची जागा यांवरून काय आणि किती हे कळे. राज्याचे किपू होते, तसे स्थानिक सरदारांचेही होते. १५६१ साली हाउहा खोऱ्यातील हुआंका लोकांचे सरदार लिमाच्या न्यायासनापुढे आपले किपू घेऊन उभे राहिले. हे काही बंडखोर नव्हते, इंकांवरच्या रागापोटी ते स्पॅनिशांना जाऊन मिळाले होते. तरी त्यांनी गाठी वाचून दाखविल्या : पहिली स्पॅनिश तुकडी आली तेव्हापासून किती लामा दिले, किती मका, किती कापड, किती माणसे. जे आपण होऊन दिले आणि जे लुटून नेले त्याचीही नोंद होती. धामधुमीच्या काळातही गाठी मारणारा गाठी मारीत राहिला होता, आणि स्पॅनिश लेखनिकाला ते सारे कागदावर उतरवून घ्यावे लागले. आज ते कागद संशोधकांच्या हाती आहेत.

ऊसतोडीच्या फडावर वही एकच असते आणि ती मुकादमाकडे असते. किती टन तोडले, काटा कोणी केला, किती खाडे धरले, किती उचल फिटली, हे सारे त्या वहीत. येत्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी गावोगाव बैठका होतील तेव्हा दरवाढीच्या मागणीबरोबर दुसरी वही हाही विषय घ्यावा. टोळीतील शाळा शिकलेल्या एका मुलीने किंवा मुलाने रोजच्या गाड्या, टन आणि खाडे लिहून ठेवावेत, हंगाम संपल्यावर त्या वहीची मुकादमाच्या वहीशी ताडणी व्हावी, आणि प्रत्येक कोयत्याच्या नोंदीत दोन नावे असावीत. पहिले नाव कोणाचे, यावर बैठकीत वाद झाला तर होऊ द्यावा.